सैतान गेला खड्ड्यात

इंग्रजीत एखाद्याला ‘टू हेल विथ’ म्हणणे ही उघड शिवी आहे. आपण मराठीत ‘खड्ड्यात गेला’ किंवा ‘चुलीत गेला’ म्हणतो, तोच तिरस्काराचा सूर तिच्यात आहे. २४ ऑक्टोबर १९८६ रोजी कॅलिफोर्नियातल्या स्ट्रायपर या हेवी मेटल बँडचा तिसरा ध्वनिमुद्रित संच बाजारात आला आणि त्याचे नाव होते ‘टू हेल विथ द डेव्हिल’. सैतान गेला खड्ड्यात. बँडचे सदस्य उघडपणे ख्रिस्ती होते आणि त्यांच्या तोंडी या वाक्याला दुसरा, अगदी शब्दशः अर्थ येत होता. नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात, सैतानाला आधी अगाधकूपात कोंडले जाते आणि अखेर अग्नीच्या सरोवरात टाकले जाते. रस्त्यावरची शिवी आणि शास्त्रातला निकाल असे दोन्ही त्या पाच शब्दांत एकत्र आले होते. चर्चमधल्या पुष्कळांना त्यात फक्त शिवी ऐकू आली आणि मेटलच्या पुष्कळ श्रोत्यांना फक्त प्रवचन. या अल्बमच्या स्वागताची सगळी कथा या अर्धवट ऐकण्यातून निघाली आहे. या विषयाकडे प्रथमच वळणाऱ्या वाचकापुढे ती मांडताना मला एक मुद्दा लावून धरायचा आहे. संगीताचा घाट, म्हणजे त्याचा आवाज, वेग, जोर आणि आविर्भाव, आशयाबाबत तटस्थ नसतो. त्या काळी चर्चमधल्या विरोधकांनी हे ओळखले होते, बँडच्या पाठीराख्यांनी मात्र नाकारले. त्यामुळे या अल्बममधले खरे बळ दोघांच्याही हातून निसटले.

आधी थोडी पार्श्वभूमी. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला असलेल्या ऑरेंज काउंटीत मायकेल स्वीट आणि रॉबर्ट स्वीट हे दोघे भाऊ ‘रॉक्स रेजीम’ नावाचा बँड चालवत होते. मायकेल गायक आणि गिटारवादक, रॉबर्ट ड्रमवादक. ऑझ फॉक्स दुसऱ्या गिटारवर आणि टिम गेन्स बासवर आल्यानंतर, १९८३ मध्ये बँडने आपले नाव आणि आपला हेतू दोन्ही बदलले. स्ट्रायपर हे नाव यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातल्या पाचव्या वचनावरून आले आणि त्या वचनाचा क्रमांक बँडच्या बोधचिन्हातच छापला जाऊ लागला. त्या वचनात सेवकाच्या अंगावर बसलेल्या फटक्यांतून इतरांना आरोग्य मिळते. इंग्रजीत चाबकाचा वळ आणि कापडावरचा पट्टा या दोन्हींना एकच शब्द आहे. त्यामुळे या मंडळींनी अंगावरच्या कपड्यांपासून गिटारींपर्यंत आणि ड्रमच्या संचापर्यंत सगळ्यावर रंगवलेले पिवळे-काळे पट्टे म्हणजे सजवलेले वळ होते. मैफलीत ते रंगमंचावरून श्रोत्यांत नव्या कराराच्या प्रती भिरकावत. १९८४ मध्ये ‘द यलो अँड ब्लॅक अटॅक’ हा छोटा संच आला, १९८५ मध्ये ‘सोल्जर्स अंडर कमांड’, आणि पुढच्या वर्षी आपल्या चर्चेतला अल्बम. त्याच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी गेन्स बँडपासून दूर होता, त्यामुळे बास ब्रॅड कॉबने वाजवला आहे. दौऱ्यासाठी गेन्स परतला. अल्बम बिलबोर्डच्या मुख्य यादीत ३२ व्या क्रमांकापर्यंत गेला, ‘ऑनेस्टली’ हे गाणे एकेरी गाण्यांच्या यादीत २३ व्या क्रमांकापर्यंत चढले, एमटीव्हीवर त्यांच्या चित्रफिती सतत दिसू लागल्या. पुढे अल्बमला प्लॅटिनमचा दर्जा मिळाला, म्हणजे अमेरिकेत दहा लाख प्रतींचा टप्पा ओलांडला. ख्रिस्ती मेटलमध्ये असे त्याआधी कधी घडले नव्हते.

हे यश कोणत्या हवेत मिळाले ते ध्यानात घ्यायला हवे. १९८५ साली वॉशिंग्टनमधल्या राजकारण्यांच्या पत्नींनी पुढाकार घेऊन स्थापलेल्या ‘पेरेंट्स म्युझिक रिसोर्स सेंटर’ या संस्थेने रॉकमधल्या आक्षेपार्ह गाण्यांची यादी जाहीर केली होती. त्या यादीत सैतानपूजा हा एक स्वतंत्र आरोप होता. १९ सप्टेंबर १९८५ रोजी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली आणि त्यातून तबकड्यांवर पालकांना इशारा देणारी चिठ्ठी लावण्याची पद्धत रूढ झाली. त्याआधी, १९८२ मध्ये, आयर्न मेडनच्या ‘द नंबर ऑफ द बीस्ट’च्या प्रती अमेरिकेत ठिकठिकाणी जाळल्या गेल्या होत्या. गाणे उलटे वाजवले की त्यातून सैतानाचे संदेश ऐकू येतात, असे सांगणारी व्याख्याने चर्चच्या सभागृहांत होत. दुसरीकडे मेटलही शांत बसलेले नव्हते. स्ट्रायपरच्या अल्बमच्या काही दिवस आधी, त्याच ऑक्टोबरमध्ये आणि त्याच कॅलिफोर्नियातून, स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’ आला. वधस्तंभाची टवाळी, बळी, रक्त, नरक यांनी भरलेला आणि वेगाच्या बाबतीत तोवरच्या बहुतेकांना मागे टाकणारा. एकाच महिन्यात एका तबकडीने सैतानाला रंगमंचावर बसवले आणि दुसरीने त्याला खड्ड्यात लोटले. पालकांच्या समितीला, पाद्र्याला किंवा दुकानदाराला दोन्ही बँडांचे लांब केस आणि काटेरी अक्षरे सारखीच दिसत होती.

सगळ्यांत जोरदार हल्ला चढवला तो जिमी स्वॅगर्ट यांनी. लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूझ इथून दूरचित्रवाणीवरून उपदेश करणारा हा पेंटेकोस्टल सुवार्तिक त्या दशकात अमेरिकेतल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या धर्मोपदेशकांपैकी एक होता. १९८७ मध्ये त्यांनी ख्रिस्ती रॉकविरुद्ध एक पुस्तकच काढले आणि त्याच्या शीर्षकात मेंढराच्या कातड्यातल्या लांडग्याची उपमा वापरली. मैफलीत नवा करार भिरकावणे म्हणजे डुकरांपुढे मोती टाकणे, असे त्यांचे म्हणणे होते. स्वीट कुटुंबाच्या दृष्टीने या हल्ल्याला वेगळीच वेदना होती, कारण १९७० च्या दशकाच्या मध्यावर हे सारे घर श्रद्धेकडे वळले ते याच स्वॅगर्ट यांचे कार्यक्रम पाहून. ज्याच्या आवाजाने त्यांना दार दाखवले, त्यानेच ते बंद केले. पण ही व्यथा तेवढ्यावर सोडून देऊ नये. स्वॅगर्ट संगीत न कळणारा माणूस नव्हता. लुइझियानातल्या फेरिडे या लहान गावात तो आणि त्याचा मावसभाऊ जेरी ली लुइस एकत्र वाढले, एकाच तऱ्हेचा पियानो शिकले. एकाने त्यावर भक्तिगीते वाजवली आणि त्यांच्या तबकड्या अफाट खपल्या, दुसऱ्याने रॉक अँड रोलला आग लावली. हे संगीत सैतानाचे आहे, असा त्या दुसऱ्याचाही मनातून विश्वास होता. १९५७ साली मेम्फिसच्या सन स्टुडिओत ‘ग्रेट बॉल्स ऑफ फायर’च्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी लुइस निर्माता सॅम फिलिप्स यांच्याशी, आपण सैतानाचे संगीत वाजवतो आहोत अशा धास्तीने, कळकळीने वाद घालतो. तो संवाद ध्वनिफितीवर जपला गेला आहे. म्हणजे रॉकच्या तालात स्वतःचे असे काही आहे, ते शब्दांनी धुऊन जात नाही, ही स्वॅगर्ट यांची समजूत पुस्तकी नव्हती. ती त्या घरातल्या पियानोवरच घडली होती.

१९८८ च्या फेब्रुवारीत स्वॅगर्ट स्वतःच्या वर्तनामुळे बदनाम झाले आणि त्यांना दूरचित्रवाणीवर अश्रू ढाळत कबुली द्यावी लागली. स्ट्रायपरच्या बाजूने लिहिणारे लोक या घटनेचा उत्तर म्हणून वापर करतात. मला ते मान्य नाही. माणसाचे पतन हा त्याच्या युक्तिवादाचा खंडनमुद्दा होत नाही. स्वॅगर्ट यांचा युक्तिवाद असा होता: संगीत म्हणजे शब्दांचे भांडे नव्हे, तेही बोलते, आणि मेटल जे बोलते ते सुवार्तेच्या उलट आहे. या वाक्याचा पहिला भाग मला खरा वाटतो, दुसरा खोटा. पण बँडने आणि त्याच्या समर्थकांनी पहिलाच भाग नाकारला.

त्यांचा बचाव ओळखीचा होता आणि कॅलिफोर्नियातच तयार झाला होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या हिप्पी तरुणांत येशूची एक चळवळ उभी राहिली. ऑरेंज काउंटीतल्या कॉस्टा मेसा येथील ‘कॅल्व्हरी चॅपल’ने अनवाणी, केस वाढवलेल्या मुलांना आणि त्यांच्या गिटारींना चर्चमध्ये घेतले. १९७२ मध्ये लॅरी नॉर्मनने एका गाण्याच्या शीर्षकातच विचारले की सगळे चांगले संगीत सैतानालाच का मिळावे. त्यापाठीमागचे गृहीतक असे की चाल ही चाल असते, शैली ही शैली असते, तिच्यात कोणताही आशय भरावा. रिझरेक्शन बँडसारख्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस जड रॉक वाजवला तोही याच आधारावर. मराठी वाचकाला हा युक्तिवाद पटकन पटेल, कारण आपल्याकडे त्याचे उत्तम दाखले आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात रायतूर इथे छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त बायबलमधली कथा सुमारे ११,००० ओव्यांत सांगितली. नारायण वामन टिळकांनी अभंगाचा आणि कीर्तनाचा घाट घेऊन ख्रिस्तभक्ती लिहिली. जुने पात्र, नवे तीर्थ, आणि कुणी नावे ठेवली तरी ते मराठीत मुरले.

पण हा दाखला जरा ताणून पाहिला की दिसते, तो बचावाच्या बाजूने साक्ष देतच नाही. ओवी आणि अभंग ही कोरी भांडी नव्हती. ओवीत कथा सांगत, अर्थ उकलत नेण्याची सवय होती, अभंगात देवाशी भांडण्याची, त्याला आळवण्याची, स्वतःच्या उणेपणाची कबुली देण्याची सवय होती. स्टीफन्स आणि टिळक यांनी या सवयी ओळखूनच तो घाट निवडला. टिळकांच्या अभंगात ख्रिस्त येतो तेव्हा विठ्ठलाला आळवताना कमावलेली सलगी त्याच्यासोबत येते. ती सलगी मिशनऱ्यांच्या भाषांतरित स्तोत्रांना जमली नव्हती. घाट तटस्थ असता तर टिळकांना अभंगाची गरजच पडली नसती. तेव्हा स्ट्रायपरबद्दल विचारायचा प्रश्न ‘मेटलमध्ये ख्रिस्ती शब्द घालता येतात का’ हा नाही. शब्द कशातही घालता येतात. मेटलच्या घाटाला कोणत्या सवयी आहेत, आणि त्यांतली कोणती या श्रद्धेच्या कामाची आहे, हा प्रश्न आहे.

मेटलचा उगम पाहिला तर उत्तराची दिशा सापडते. १९७० मध्ये बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथने आपल्याच नावाच्या गाण्याने पहिली तबकडी उघडली. त्या गाण्यात सैतानाची पूजा नाही. काळ्या आकृतीसमोर उभ्या असलेल्या माणसाची भीती आहे, आणि तो देवाकडे मदत मागतो आहे. १९७१ मध्ये याच बँडने ‘आफ्टर फॉरएव्हर’ हे गाणे दिले, कॅथलिक घरात वाढलेल्या गीझर बटलरने लिहिलेले, देवावरच्या श्रद्धेची उघड बाजू घेणारे. नंतरच्या बँडांनी शिंगे आणि उलटे क्रूस उचलले, ते बहुतेक वेळा रंगभूषेसारखे. पण घाटाच्या मुळाशी भय होते, आणि भयासोबत येणारा विस्मय. माणसापेक्षा कितीतरी मोठे काहीतरी समोर आहे याची जाणीव, तिच्यापुढे ओरडण्याची गरज, आणि अखेर जोर लावून उभे राहण्याची ऊर्मी. खर्जातला पुन्हा पुन्हा येणारा रिफ धमकी देतो, ड्रम युद्धाची चाल धरतात, गायक वरच्या सप्तकात किंचाळतो, आणि मग दोन गिटारी एकमेकींच्या सुरात सूर मिळवून त्या धमकीवरून पुढे निघून जातात. या सवयी बायबलला परक्या नाहीत. प्रकटीकरणातले तुतारीचे नाद, पशू आणि कोसळणारी नगरे, इफिसकरांस पत्रातल्या सहाव्या अध्यायातली शस्त्रसामग्री, शत्रूचे दात मोडायला सांगणारी काही स्तोत्रे, हा मजकूर रविवारच्या शांत ऑर्गनवर मुका होतो. स्वॅगर्ट यांनी मेटलच्या सुरात हिंसा आणि भय ऐकले ते बरोबर ऐकले. पण ज्या ग्रंथावर ते बोट ठेवून बोलत होते, त्यातही हिंसा आणि भय आहे, हे ते विसरले.

आता तबकडी ऐकावी. सुरुवात ‘अॅबिस’ने होते. शब्द नाहीत, गायन नाही, सुमारे मिनिटभराचा अंधारा, घोंघावणारा नाद. मराठी बायबलमधला अगाधकूप तो हाच. त्यातून शीर्षकगीताचा रिफ वर येतो आणि त्याची चाल मुद्दाम आवरलेली आहे. त्या काळचे बँड अशा ठिकाणी धावत सुटत, हे पाय रोवून चालतात. पालुपद एकटा मायकेल गात नाही, सगळे मिळून घोषणेसारखे गातात, आणि त्यामुळे ते एका माणसाच्या रागाचे न वाटता जमावाने सुनावलेल्या निकालाचे वाटते. त्यावर मायकेलचा आवाज फार उंच जातो. त्या वरच्या स्वरात वेदना आणि विजय यांना एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही. इथे मेटलचा प्रत्येक अवयव कामाला लागला आहे. खर्जातल्या भयाला शत्रूचे नाव मिळाले आहे, समूहघोषाला कारण मिळाले आहे, दोन गिटारींच्या जोडसुराला पोहोचायला एक ठिकाण मिळाले आहे. हेच शब्द मंद पियानोवर गायले असते तर हास्यास्पद झाले असते, आणि हाच रिफ दारू आणि मोटारींच्या गाण्याखाली अर्धा पोकळ वाटला असता. ‘द वे’ आणि शेवटचे ‘मोअर दॅन अ मॅन’ या दोन गाण्यांतही असाच मेळ आहे. ‘मोअर दॅन अ मॅन’ तर श्रद्धेची सरळ घोषणा करते, कसलाही आडपडदा न ठेवता, आणि अल्बममधल्या सर्वांत आक्रमक गाण्यांपैकी ते एक आहे. घोषणा जितकी उघड तितके संगीत जड, हा योगायोग मानायला माझे मन तयार नाही.

मग अल्बमची दुसरी बाजू. ‘ऑनेस्टली’ हे पियानोवर उभे केलेले मवाळ प्रेमगीत आहे. त्यात देवाचे नाव येत नाही. मैत्रीचे आणि साथीचे वचन आहे, ते देवाने भक्ताला दिलेले माना किंवा प्रियकराने प्रेयसीला, दोन्ही चालते. चाल सुंदर आहे आणि मायकेलचा गळाही. पण त्या वर्षांत प्रत्येक ग्लॅम बँडच्या तबकडीवर असे एक गाणे असायचेच, आणि इथे घाटाने आशयाला काही दिलेले नाही, आशयाने घाटाला काही दिलेले नाही. ‘ऑल ऑफ मी’ त्याहून फिके आहे. ‘सिंग-अलाँग साँग’ आणि ‘रॉकिन्ग द वर्ल्ड’ ही मैफलीत हात वर करून गाण्यासाठी बनवलेली गाणी आहेत, त्यांच्यावर फार वेळ घालवू नये. संगीत हे फक्त भांडे आहे या समजुतीला धरून जिथे बँड चालला, तिथे त्याला भांड्याइतकेच साधले. आणि तरीही रेडिओने उचलले, लग्नसमारंभांत वाजले, बँडला घराघरांत नेले ते ‘ऑनेस्टली’नेच. माझ्या मुद्द्याला ही अडचण आहे हे मी लपवणार नाही. लोकांनी सर्वाधिक ऐकलेले गाणे आणि अल्बमचे सर्वांत खरे गाणे ही दोन वेगळी गाणी आहेत.

यातून पहिला आक्षेप येतो. १९८६ हे वर्षच असे होते की चकचकीत मेटलला कोणीही विकत घेत होते. बॉन जोवीचा ‘स्लिपरी व्हेन वेट’, युरोपचा ‘द फायनल काउंटडाउन’, पॉयझनची पहिली तबकडी, सगळे त्याच वर्षीचे. स्ट्रायपर त्याच लाटेवर आला, त्याच्या श्रद्धेचा यशाशी संबंध काय? खपाच्या बाबतीत हे बव्हंशी बरोबर आहे. दहा लाख प्रतींना मी सुवार्तेचा विजय म्हणणार नाही, आणि काही लेखक तसे म्हणतात ते मला भाबडे वाटते. लाटेने अल्बम किनाऱ्यापर्यंत आणला. पण त्या लाटेवरच्या पुष्कळ तबकड्या आज फक्त आठवण म्हणून वाजतात, आणि हिच्यावर अजून वाद होतो. वाद होतो तो ‘ऑनेस्टली’वर होत नाही, शीर्षकगीतावर होतो.

दुसरा आक्षेप मेटलच्या घरातला आणि अधिक गंभीर आहे. मेटल म्हणजे बंडखोरी. सत्तेला, कुटुंबाला, धर्माला झुगारणे हा त्याचा प्राण. आज्ञापालनाची शिकवण देणारा मेटल हा शब्दांतच विरोध. आधीच्या अल्बमचे नावसुद्धा आज्ञेतल्या सैनिकांचे. बंडखोरीचा अर्थ ‘धर्माविरुद्ध’ एवढाच धरला तर आक्षेप जिंकतो. पण मेटलच्या श्रोत्यांत धर्मविरोध हीच जर अपेक्षित, शाबासकी मिळवून देणारी भूमिका झाली असेल, तर त्या खोलीत उभे राहून येशूचे नाव घेणारा माणूस कोणाची आज्ञा पाळतो आहे? त्याला रंगमंचाखालून हुर्यो ऐकावी लागते आणि रविवारी चर्चमध्येही. इथे स्लेयरची आठवण पुन्हा काढणे आवश्यक आहे. ‘रेन इन ब्लड’मधली ती धर्मद्रोही वचने ज्याने गायली, तो टॉम अराया कॅथलिक श्रद्धा बाळगणारा आहे आणि त्याने ते कधी लपवले नाही. म्हणजे त्या ऑक्टोबरात दोन्ही तबकड्यांवर आस्तिकाचाच गळा होता. फरक इतका की अराया आपली श्रद्धा आणि आपली भूमिका वेगळी ठेवून नटासारखा गात होता, आणि स्वीट बंधूंनी ते अंतर ठेवायचे नाकारले. मला वाटते, मेटलच्या श्रोत्याला खटकले ते हे. सैतानाचे नाव घेणारा तिथे नाटक करतो हे सगळ्यांना ठाऊक होते. हा मात्र जे म्हणत होता ते खरे मानून म्हणत होता.

तिसरा आक्षेप सौंदर्याचा आहे. शब्द फार साधे, प्रतिमा वापरून गुळगुळीत झालेल्या, शंका आणि काळोख कुठेच नाही. हा मी मान्य करतो. स्तोत्रसंहितेतल्या कवीला देव सापडत नाही तेव्हा तो जसा टाहो फोडतो, तसा एकही क्षण या तबकडीवर नाही. अगाधकूपाचा आवाज मिनिटभरात संपतो आणि पुढे कोणालाही त्यात पडण्याची भीती वाटत नाही. बँडने घाटातले युद्ध आणि विजय घेतला, भय मात्र दाराशीच ठेवले. ब्लॅक सॅबथच्या त्या घाबरलेल्या माणसाला इथे जागा मिळाली असती तर हा अल्बम मोठा झाला असता. तो चांगला आहे, आणि काही ठिकाणी फार चांगला आहे.

घाट आणि आशय एकमेकांत गुंतलेले होते याची कसोटी बँडने पुढे स्वतःच घेतली. १९८८ चा ‘इन गॉड वुई ट्रस्ट’ जुन्याच वाटेने गेला, थोडा अधिक गुळमट होऊन. १९९० च्या ‘अगेन्स्ट द लॉ’मध्ये मात्र पिवळे-काळे पट्टे गेले, उघड ख्रिस्ती शब्द गेले, गिटारी अधिक खडबडीत झाल्या, आणि ‘अर्थ, विंड अँड फायर’ या बँडचे ‘शायनिंग स्टार’ही त्यांनी गाऊन पाहिले. वादक म्हणून चौघे कदाचित तिथे अधिक तयार आहेत. पण ती तबकडी ऐकताना सतत वाटते की हे दुसरे कोणीही वाजवू शकले असते. खपही उतरला. त्याची कारणे अनेक असतील, बाजार बदलत होता, म्हणून मी खपावर भर देत नाही. माझा भर यावर आहे की आशय बाजूला करताच घाटाचा आकारही हरवला. १९९२ मध्ये मायकेल बँड सोडून गेला. बँड पुन्हा उभा राहिला तो २००३ नंतर, आणि आला तो पट्टे आणि वचन घेऊनच. २०१५ च्या ‘फॉलन’वर त्यांनी ब्लॅक सॅबथचे ‘आफ्टर फॉरएव्हर’ गायले. ते ऐकताना जाणवते की हे गाणे त्यांना उसने घ्यावे लागलेले नाही.

इतरत्र ज्यांनी ही वाट पुढे नेली त्यांनी बहुधा भांड्याचा सिद्धान्त सोडून दिला होता. ऑस्ट्रेलियातून १९९४ मध्ये होर्ड या नावाने ‘हेलिग उसवार्ट’ ही तबकडी आली. ब्लॅक मेटल या मेटलच्या टोकाच्या, धर्मविरोधी शाखेची सगळी कर्कशता तशीच ठेवून सैतानावर उलटवलेली, आणि वादकाचे नाव दडवून काढलेली. ब्लॅक मेटलच्या कट्टर चाहत्यांना ती सहन झाली नाही, कारण त्यांचाही घाटावर विश्वास होता. त्या बाबतीत ते स्वॅगर्ट यांच्या फार जवळ होते. फिनलंडमध्ये २००६ साली हेलसिंकीत ल्युथरन चर्चने मेटल मिसा सुरू केली. जुनी स्तोत्रे जड गिटारींवर, कबुली आणि प्रभुभोजनासकट. पश्चात्तापाच्या प्रार्थनेला खर्जातला रिफ किती शोभतो, ते तिथे भरलेल्या चर्चमध्ये दिसले. स्ट्रायपरने दाराशी ठेवलेले भय तिथे आत आले.

राहिली मुखपृष्ठाची गोष्ट. पहिल्या आवृत्तीच्या चित्रात चार लांब केसांचे देवदूत सैतानाला आगीच्या खड्ड्यात लोटत आहेत, आणि त्या चौघांची ठेवण बँडमधल्या चौघांसारखी. आक्षेप आले, चित्र काढले गेले, आणि त्याजागी नुसत्या काळ्या पार्श्वभूमीवर बँडचे नाव छापले गेले. बहुतेक श्रोत्यांच्या हाती ती काळी प्रतच पडली. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळाने, २०१८ मध्ये, याच बँडने ‘गॉड डॅम ईव्हिल’ नावाचा अल्बम काढला. तिथेही एक शिवी आणि एक प्रार्थना अगदी त्याच शब्दांत बांधलेली होती, देवाने दुष्टतेला शाप द्यावा अशी. वॉलमार्टने तो आपल्या दुकानांत ठेवायला नकार दिला. ज्यांना ‘टू हेल विथ द डेव्हिल’ ही तबकडी आता प्रथम ऐकायची आहे त्यांनी शक्य असल्यास ते मूळ चित्र शोधून समोर ठेवावे, आणि ‘अॅबिस’ वगळून थेट दुसऱ्या गाण्याकडे जाऊ नये.